छेदातली माणसं

१९ मार्च २०२० रोजी आमच्या हॅरोमधल्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाने अतिदक्षता विभागात जागा उरली नसल्याचं जाहीर केलं. स्टॅनमोरहून ते काही मैलांवर आहे. इकडे ब्रॉकली हिलवरचं हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेलं रुग्णालय दुसऱ्या रुग्णालयांतले हाडमोडीचे रुग्ण घेऊ लागलं, तिथल्या खाटा कोविडसाठी मोकळ्या व्हाव्यात म्हणून. माझं काम साथरोगांच्या आकडेवारीचं. त्यामुळे त्या आठवड्यात शेजारच्या गुजराती मासींपासून पुण्यातल्या आत्यापर्यंत सगळ्यांनी मला एकच विचारलं, "शंभरातली किती माणसं जातात गं यात?"

प्रश्न अपूर्णांकाचा आहे. वर दगावलेले, खाली आजारी पडलेले. साथ संपून सगळ्या नोंदी हाती आल्या की तो शाळेतल्या मुलालाही सोडवता येईल. साथ चालू असताना मात्र अंशही बदलत असतो आणि छेदही, आणि दोघांची चाल सारखी नसते. आमचं सगळं कसब या दोन चाली ओळखण्यात आहे.

२७ मार्चला इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अतिदक्षता विभागांचा एक अहवाल आला. नोंद झालेले रुग्ण ७७५. त्यांतले ७९ दगावले होते, ८६ सुधारून विभागाबाहेर आले होते आणि उरलेले ६१० अजून खाटेवर होते. मग मृत्युदर किती धरायचा? ७९ ला ७७५ ने भागलं तर १० टक्के येतात, १६५ ने भागलं तर ४८. भागाकार दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात आपण ६१० जणांना वाचलेले धरून मोकळे होतो. दुसऱ्यात त्यांना हिशेबातूनच काढून टाकतो, आणि मागे राहतात ते ज्यांचा निकाल लवकर लागला ते: झपाट्याने ढासळलेले किंवा झपाट्याने सुधारलेले. बातम्यांत 'निम्मे दगावतात' हेच आलं. पहिल्या लाटेतल्या रुग्णांचा आकडा पुढे ४० टक्क्यांच्या आसपास स्थिरावला.

अशा वेळी आम्ही तारखा मागतो. लक्षणं कधी सुरू झाली, दाखल कधी केलं, घरी कधी सोडलं, मृत्यू कधी झाला. आधीच्या रुग्णांचा निकाल लागायला किती दिवस गेले हे कळलं की खाटेवर असलेल्यांतले किती दगावतील याचा अंदाज बांधता येतो. हे किचकट काम आहे. वॉर्डात धावपळ करणाऱ्या परिचारिकेला तारीख भरायला सवड नसते, आणि कोऱ्या रकान्याबद्दल तिला दोष देता येत नाही. तरी मला विचाराल तर साथीच्या पहिल्या महिन्यात सगळ्यात मोलाचा रकाना लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेचा असतो.

२००३ च्या सार्सच्या साथीत जगाने याचा धडा घेतला होता. सुरुवातीला मृत्युदर ४ टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने तो १४ ते १५ टक्क्यांवर नेला. विषाणू आणखी घातक झाला म्हणून नव्हे. खाटेवरच्या माणसांचे निकाल लागत गेले म्हणून. त्याच अंदाजात चोविशीच्या आतल्यांचा दर एक टक्क्याहून कमी होता आणि पासष्टीपुढच्यांचा ५० टक्क्यांहून जास्त. तेव्हापासून कुणी मला एकच आकडा दिला की मी आधी वय विचारते.

उशिराने लागणाऱ्या निकालांमुळे आजार असतो त्यापेक्षा सौम्य दिसतो. याच्या उलट ओढ लावतात ते न मोजलेले रुग्ण. पुणेकरांना ऑगस्ट २००९ आठवत असेल. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या, तोंडाला रुमाल बांधलेलं शहर सगळ्या देशाने पाहिलं. ती भीती मी कधीच अस्थानी म्हणणार नाही. घरातलं मूल गेलेल्यांना टक्केवारी सांगायची नसते. पण त्या दिवसांत नोंद होत होती ती मुख्यतः रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांची. दोन दिवस अंग दुखून घरीच बरे झालेले हजारो लोक छेदात कुठेच नव्हते. इंग्लंडमध्ये सर लियाम डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे घरी बरे झालेलेही अंदाजाने धरले. १३८ मृत्यू, आणि दर लाख आजाऱ्यांमागे २६. म्हणजे हजारात एकही नाही.

कोविडमध्ये दोन्ही ओढी एकाच वेळी होत्या, म्हणून ते गणित इतकं अवघड झालं. अशा वेळी आम्ही असा एखादा गट शोधतो की ज्यातलं कुणी नजरेतून सुटलं नसेल. योकोहामाला अडकलेलं डायमंड प्रिन्सेस हे जहाज तसं होतं. त्यावर ३,७११ माणसं होती. लक्षणं असोत वा नसोत, जवळजवळ सगळ्यांची तपासणी झाली आणि ७१२ जण बाधित निघाले. लंडनमधल्या संशोधकांनी त्या यादीवरून जो अंदाज बांधला, तो रोजच्या बातम्यांतल्या टक्क्यांपेक्षा कितीतरी भरवशाचा होता. अर्थात जहाजावर म्हातारी माणसं जास्त होती, तेवढी वजावट करावी लागली.

मग रक्ताची सर्वेक्षणं आली. इंग्लंडमध्ये इम्पीरियल कॉलेजने टपालाने तपासणीचे संच पाठवले. एक लाखाहून जास्त लोकांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला. जुलै २०२० पर्यंत सुमारे ६ टक्के प्रौढांना लागण होऊन गेली होती आणि बाधितांमागे मृत्यू होते ०.९ टक्के. त्याच महिन्यात मुंबईत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांत सर्वेक्षण केलं. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इमारतींत १६. मृत्युदराचा अंदाज ०.०५ ते ०.१० टक्के. विषाणू एकच, आणि दोन ठिकाणांच्या आकड्यांत नऊ ते अठरा पटींचा फरक! वस्त्यांमधलं तरुण वय हे त्याचं एक कारण आणि नोंदीतून निसटलेले मृत्यू हे दुसरं. मुंबईकरांचं शरीरच दणकट, असं तेव्हा पुष्कळांनी ऐकवलं. मला ते कधीच पटलं नाही.

अंशही वाटतो तितका ठाम नसतो. १२ ऑगस्ट २०२० ला ब्रिटनने चाचणीनंतर २८ दिवसांत झालेलेच मृत्यू मोजायचं ठरवलं आणि एका दिवसात यादीतून पाच हजारांहून जास्त मृत्यू कमी झाले. माणसं तर गेलेलीच होती.

या कामात मला पुन्हा पुन्हा १८९७ चं पुणं आठवतं. प्लेगचे रुग्ण शोधायला रँडच्या अमलात गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघरं, माजघरं, बायकांचे पडदे, काही पाहिलं नाही. लोक आजारी माणूस लपवू लागले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडवर चापेकरांनी झाडलेल्या गोळीत झाला, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट दिसते. ज्या शहरात आजारी माणूस लपवला जातो, तिथे नोंदीत येतो तो बहुधा शेवटच्या घटकेला सापडलेलाच. त्या नोंदींवरून काढलेला मृत्युदर खरा कसा असेल? अंश एक वेळ दफ्तरातून मिळेल, छेद लोकांनी विश्वासाने दिला तरच मिळतो. मुंबईच्या वस्त्यांत २०२० साली लोकांनी दंड पुढे केला, तेव्हा त्यांना कुणी ओढून नेलं नव्हतं. त्यांनी दिलेल्या नमुन्यांशिवाय आमच्यापैकी कुणालाही त्या शहराबद्दल काही सांगता आलं नसतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या साथीत हॅरोतल्या तुमच्या दारातून तपासणीचं पाकीट आत पडेल, किंवा पुण्या-मुंबईत पालिकेची माणसं नमुना मागायला दारी येतील. तुम्हाला ताप नसेल, खोकला नसेल, आपल्याला काय झालंय असं वाटेल. आजार किती जीवघेणा आहे हे ठरवायला तुमच्याच नोंदीची गरज असते. ठणठणीत आहात म्हणून नाही म्हणू नका.