पाण्याने केलेली सपाटी

मोहावी वाळवंटात पाऊस बेताचाच पडतो, पण पडतो तेव्हा मोठं काम करून जातो. कॅलिफोर्नियाच्या या भागात डोंगरांनी चारी बाजूंनी कोंडलेली खोरी आहेत. तिथल्या पाण्याला समुद्राची वाट माहीत नाही. हिवाळ्यात ओढे गाळ घेऊन उतरतात, खोऱ्याच्या तळाशी वीतभर पाणी साचतं आणि मग वारा कामाला लागतो. आज पाणी या काठाला लोटायचं, उद्या त्या. या येरझारांत बारीक माती भेगांमध्ये शिरते, गेल्या उन्हाळ्यातल्या चाकोऱ्या बुजतात, आणि पाणी आटतं तेव्हा कुणी अंगण सारवून नुकतंच उठावं तशी मैलोन्‌मैल जमीन तयार असते.

असल्या तळ्यांपैकी म्युरॉक हे सगळ्यात मोठं; आजचं रॉजर्स ड्राय लेक. सुमारे 114 चौरस किलोमीटरची ती सपाटी निर्जीव दिसते, आणि तसं समजणं हा तिचा अपमान आहे. त्या मातीत इवल्या परी-कोळंब्यांची अंडी वर्षानुवर्षं कोरडी पडून असतात. पाणी आलं की त्या जन्मतात, घाईघाईने वाढतात आणि तळं आटायच्या आत अंडी घालून जातात. आपल्या सह्याद्रीतल्या सड्यांवरच्या डबक्यांतही त्यांचे भाऊबंद असेच पावसाची वाट बघत असतात.

या जमिनीवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॉस एंजेलिसची पोरं आपल्या गाड्या घेऊन यायला लागली. फोर्डची जुनी, बिनछपराची, दोन माणसांची रोडस्टर स्वस्तात मिळे. तिचे मडगार्ड काढायचे, दिवे आणि काच उतरवायची, इंजिन खोलून हाताने सुधारायचं आणि पहाटे, वारा उठायच्या आत, तळ्यावर हजर व्हायचं. आधी चार-पाच गाड्या शेजारी शेजारी सुटत. पुढच्याची धूळ मागच्याला आंधळं करी, अपघात होत. 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली आणि पुढे एकेक गाडी एकटीने, घड्याळाशी झुंजत धावू लागली. या खेळाचा नियम माणसांनी कागदावर उतरवला खरा, पण तो आधी धुळीने घालून दिला होता.

या गाड्यांच्या चॅसीचं, म्हणजे खालच्या सांगाड्याचंही तसंच. ती घडते शहरातल्या गॅरेजमध्ये, पण तिची मापं तळ्याने ठरवलेली असतात.

चॅसी घडवण्याच्या कामात सर्वांत मान 1932च्या फोर्डच्या रेलना, म्हणजे सांगाड्याच्या दोन लांब तुळयांना. त्या वर्षी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-आठ इंजिन दिलं, 65 अश्वशक्तीचं; आणि त्याखाली दोन अशा रेल दिल्या की मडगार्ड काढले तरी गाडी उघडी-नागडी दिसत नाही. पुढे निमुळत्या, मागे रुंद होत जाणाऱ्या, बाहेरच्या अंगावर दाबून उमटवलेली एक लांब रेघ. सरळ रेल करणं सोपं; ही वळणं दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळवणं अवघड. म्हणून कारागीर आधी जमीन तयार करतो. जाड पोलादी टेबल घेतो आणि ते पाणसळीत येईपर्यंत पायांखालचे स्क्रू फिरवत बसतो. त्यावर मधोमध दोरा ताणतो, ओळंबे सोडतो. एका रेलच्या पुढच्या टोकापासून दुसरीच्या मागच्या टोकापर्यंत कर्ण मोजतो, मग उलटा कर्ण मोजतो. दोन्ही मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे. मोहावीत वारा आणि पाणी जे करतात, तेच तो बंद शेडमध्ये टेबलावर करत असतो.

मूळ रेल इंग्रजी सी अक्षरासारखी, एका बाजूने उघडी. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की ती पिळवटते. म्हणून आतल्या बाजूने पट्टी जोडून तिची बंद पेटी करतात. इथे खरी परीक्षा. वेल्डिंगने तापलेलं पोलाद पसरतं, निवताना आक्रसतं आणि आक्रसताना अख्खी रेल आपल्याकडे ओढून घेतं. अधीर माणूस एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग शिवत जातो आणि केळीसारखी वाकलेली रेल घेऊन बसतो. जाणता माणूस इथे एक टाका मारतो, मग पार तिकडे एक, मग थांबतो. हात लावून बघतो. निवू देतो. या थांबण्याचे पैसे कुठल्याच बिलात नसतात.

मग पुढचा क्रॉस मेंबर, त्याखाली आडवे पाटे, आणि मध्ये खाली वाकवलेला अ‍ॅक्सल, म्हणजे गाडीचं नाक जमिनीजवळ येतं. पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो किंगपिन किंचित मागे कलता ठेवतात. त्या कलामुळे वेग वाढला तरी चाक सरळ धावतं. शहरात हे सगळं शोभेचं वाटेल. तळ्यावर त्याच्यावर जीव अवलंबून असतो.

या लोखंडाकडेही आदराने बघायला हवं. फोर्डच्या रूज कारखान्यात जहाजं खनिज आणत, ते लेक सुपीरिअरच्या आसपासच्या खाणींतलं. तिथले पट्टेदार खडक जवळपास 190 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी साचले. पाण्यात विरघळलेलं लोह होतं. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी सोडलेल्या प्राणवायूने ते गंजून थराथराने खाली बसलं. गोव्याचं लोहखनिजही अशाच पट्टेदार खडकांतलं. भट्टीत आपण तो प्राणवायू हुसकावून लावतो, आणि तेव्हापासून तो परत यायची वाट शोधत असतो.

मिठावर त्याला ती चटकन सापडते. म्युरॉक लष्कराने ताब्यात घेतल्यावर शर्यतीवाले एल मिराजच्या तळ्यावर गेले, आणि 1949 मध्ये उटाह राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठावर. हिमयुगात इथे महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याएवढं सरोवर होतं. त्याच्या काठांच्या पायऱ्या भोवतालच्या डोंगरांच्या अंगावर आजही दिसतात. पाणी गेलं, मीठ उरलं. दर हिवाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर चढतो, उन्हाळ्यात आटतो आणि पांढरं पान पुन्हा कोरं होतं. रोडस्टर त्यावर धावते तेव्हा ओलं मीठ रेलच्या सांदीसांदीत जाऊन बसतं. घरी आल्यावर ते धुतलं नाही तर काही आठवड्यांत तांबूस पापुद्रे सुटू लागतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात झालं, तेच पुन्हा.

हा मिठाचा थर आता पातळ होतोय. 2014 मध्ये पाणी साचल्यामुळे आणि 2015 मध्ये मीठ धावण्याजोगं नसल्यामुळे तिथल्या वार्षिक शर्यती, स्पीड वीक, रद्द कराव्या लागल्या. 2022 मध्ये पुन्हा पाणी आलं. शेजारी पोटॅश काढण्यासाठी खारं पाणी चरांतून वळवलं जातं. 1997 मध्ये ते मिठाचं पाणी पंपाने परत सोडायला सुरुवात झाली, तरी जुनी जाडी परतलेली नाही. कारण एकच नसेल. पण जे हजारो वर्षांत साचलं, ते काढून घेताना कर्ण मोजायचं कुणाला सुचलं नाही, हे मला खटकतं. रेल वाकली तर तापवून सरळ करता येते. मिठाच्या थराला तसला उपाय नाही.

एल मिराजला मात्र मे ते नोव्हेंबर या काळात अजून शर्यती होतात. लॉस एंजेलिसला मुला-नातवंडांकडे जाणं झालं तर दोनेक तासांच्या अंतरावरचं ते तळं जरूर बघा. फक्त पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका. तळ ओला असताना तिथे गाड्यांना बंदी असते, आणि ती योग्यच आहे.