आकडा मोठा, मुदत छोटी

तेरेखोल म्हटलं की बहुतेकांना किल्ला आठवतो, नाहीतर केरीहून सुटणारी फेरीबोट. गोव्याचं हे टोक नदीपलीकडे, महाराष्ट्राला चिकटलेलं. तालुका पेडणे, पण लँडलाइनचा कोड वेंगुर्ल्याचा, ०२३६६. माझ्या पुतण्याचं तिथे आठ खोल्यांचं लॉज आहे. २०२३ च्या पावसाळ्यात वीज पडून त्याचं जुनं ईपीएबीएक्स जळलं आणि दिवाळीनंतर नवी फोन सिस्टीम घ्यायची ठरली.

आता कुणी म्हणेल, मोबाइलच्या जमान्यात हे कशाला? पण रात्री दोन वाजता खोलीतल्या म्हाताऱ्या पाहुण्याच्या छातीत दुखायला लागलं, तर तो मोबाइलमध्ये नंबर शोधत बसणार नाही. उशाजवळचा फोन उचलून ९ दाबेल. त्या वेळी फेरी बंद असते, डॉक्टर गाठायचा तर शिरोड्याकडे गाडी काढावी लागते. तो फोन खाली वाजलाच पाहिजे.

दोन कोटेशनं आली. दोन्हींत यंत्र जवळपास सारखं, सॉफ्टवेअरही तेच, अ‍ॅस्टेरिस्क. मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन मुलाने १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण आपल्या छोट्या कंपनीसाठी तयार फोन सिस्टीम घेणं त्याला परवडत नव्हतं. ते फुकट मिळतं. पैसे जातात ते डबा, हँडसेट आणि बसवणाऱ्याच्या मजुरीचे. फरक एवढाच होता, की एकाने व्हर्जन २० लिहिलं होतं आणि दुसऱ्याने २१. एकवीस नुकतंच, त्याच ऑक्टोबरमध्ये आलेलं. वीस त्याच्या आदल्या वर्षीचं.

पुतण्या म्हणाला, "काका, आकडो मोठो तो नवीन. तोच घेवया मा?"

मी म्हटलं, थांब बाबा. बँकेत ठेवीची पावती हातात आली की आम्ही आधी काय बघायचो? मुदत कधी संपते ते. इथेही तेच बघू.

बघितलं तर गंमत निघाली. अ‍ॅस्टेरिस्कची व्हर्जनं दोन जातींची. एक साधी, म्हणजे स्टँडर्ड. तिच्या चुका एक वर्ष दुरुस्त करतात आणि त्यापुढे एक वर्ष फक्त सुरक्षेपुरतं बघतात. दुसरी एलटीएस, म्हणजे लाँग टर्म सपोर्ट. तिला चार वर्षं पूर्ण आणि वर एक वर्ष सुरक्षेचं. एकवीस होतं स्टँडर्ड, वीस होतं एलटीएस. म्हणजे धाकटं व्हर्जन ऑक्टोबर २०२५ मध्ये संपणार आणि थोरलं ऑक्टोबर २०२७ पर्यंत चालणार!

म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही. फोन जोडणारा चॅन-सिप नावाचा एक जुना भाग वीसमध्ये शिल्लक होता, पण त्याचा वाली कुणी राहिला नव्हता. एकवीसमधून तो काढूनच टाकला. बसवणाऱ्या मुलाचा हात त्याच्यावरच बसलेला. आम्ही सांगितलं, व्हर्जन वीसच घाल, पण जोडणी नव्या पीजे-सिपवर कर. नाहीतर पुढे व्हर्जन बदलताना सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल. त्याला दोन दिवस जास्त लागले, पण त्याने केलं.

ही सवय नोकरीतली. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत लेजर पोस्टिंगची मशिनं आली, मागाहून पूर्ण संगणकीकरण झालं. दरवेळी नवं व्हर्जन आलं की शाखेत दोन तट पडायचे. आमचे एक जुने मॅनेजर तीनच प्रश्न विचारत. हे किती वर्षं सांभाळणार? बिघडलं तर कोण येणार, आणि किती तासांत? आणि मार्चमध्ये बसवणार नाही ना?

तेरेखोलला मार्चच्या जागी डिसेंबर धरायचा. ऐन हंगामात काही बदलायचं नाही. दुसऱ्या प्रश्नाला इथे जास्त वजन, कारण म्हापशाचा माणूस फेरीने तरी येणार, नाहीतर किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा घालून. तिन्ही उत्तरं पुतण्याने कोटेशनच्या मागे लिहून घेतली आणि विकणाऱ्याची सही घेतली. बॅकअपची एक प्रत ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि विजेपासून बचावाचं अर्थिंगही नव्याने केलं. खर्च वाढला. तेव्हा सूनबाई जरा कुरकुरली, तेही खरंच. हंगामाआधी घरात पैसा कमीच असतो.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-पुतणे आता दुकान, दवाखाना, होमस्टे चालवतात. तंत्र त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, यात वाद नाही. पण कागदावरची मुदत वाचणं हे आपलं काम. व्हर्जनचा आकडा विकणारा मोठ्याने सांगतो. शेवटची तारीख मात्र आपणच विचारायची असते, आणि सहीच्या आधी विचारायची.