मार्गी न लागलेली पोरं

काल बातमीसाठी तालुक्याच्या अभ्यासिकेत गेलो होतो. बत्तीस वर्षांचा एक जण म्हणाला, "सर, गावात मला अजून पोरगंच म्हणतात. नोकरी नाही, लग्न नाही. मोठा झालो कसं म्हणणार?"

बातमी राहिली बाजूला. वाचलेल्या काही कादंबऱ्याच आठवत राहिल्या.

पोरगं मोठं होण्याच्या कादंबरीचा जुना साचा म्हणजे गटेची 'विल्हेल्म माइस्टर' (१७९५-९६). पोरगा भटकतो, चुकतो, शिकतो आणि शेवटी मार्गी लागतो. पुढे साम्राज्याच्या काळात ही गाडी अडते. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा 'किम' (१९०१) शेवटच्या पानापर्यंत पोरच राहतो. इंग्रजांचा हेर होणार की लामाचा चेला, लेखक सांगतच नाही. व्हर्जिनिया वुल्फच्या 'द व्हॉयेज आउट'मधली (१९१५) रेचल दक्षिण अमेरिकेत जाते, तिथं लग्न ठरतं आणि तापानं मरते. जेम्स जॉइसचा स्टीफन (१९१६) डब्लिन सोडायला निघतो, तिथंच कादंबरी संपते.

स्टीफनचा एक प्रसंग मला फार लागला. दिव्यात तेल ओतायच्या नरसाळ्याला तो 'टनडिश' म्हणतो. कॉलेजातल्या इंग्रज डीनना तो शब्दच माहीत नसतो. स्टीफन मनात खट्टू होतो, ही भाषा आधी यांची, मग माझी. पुढे तो शब्द शोधून बघतो, तर अस्सल इंग्रजी निघतो! पहिल्या नोकरीत मी बातमीत 'नरसाळं' लिहिलं, तेव्हा शहरातल्या डेस्कवर हशा झाला होता. फनेल लिही म्हणाले. पुढं कित्येक वर्षं मी प्रत्येक शब्द तोलून लिहायचो.

जेड एस्टी या अभ्यासकानं २०१२ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. मला त्यातून कळलं ते एवढंच: माणूस एकटा मोठा होत नाही, भोवतीच्या देशानं त्याला जागा द्यावी लागते. दुसऱ्याच्या राज्यात ती जागा नसते, म्हणून गोष्ट अर्धी राहते.

तुलना फार ताणत नाही. आपल्यावर आता कुणा परक्याचं राज्य नाही. म्हणूनच जास्त टोचतं. जाहिरात निघते, परीक्षा पुढं ढकलली जाते, निकाल अडकतो आणि तिकडं पोराचं वय निघून जातं. वर आपणच म्हणतो, पोरं आळशी झालीत.

पुढच्या वेळी पुढारी अभ्यासिकेची फीत कापायला आले, की खुर्च्या किती ते विचारू नका. भरती कधी, ते विचारा.