रोषणगावचा हबशी आणि जमैकाचा राजा

जमैका म्हटले की जालन्यातल्या आमच्या पिढीला आधी आठवते ते क्रिकेट. किंग्स्टनच्या सबायना पार्कवर 1971 मध्ये मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 212 धावा काढल्या, आणि 1976 मध्ये त्याच मैदानावर मायकेल होल्डिंगच्या माऱ्याने आपले फलंदाज जायबंदी झाले. एवढाच आमचा जमैका. नंतर बॉब मार्ली आला, तोही आधी टी-शर्टवर आणि मग कानात. त्या गाण्यांमधून इथिओपियाचे नाव सारखे का येते, हा प्रश्न मला बराच उशिरा पडला.

उत्तर 21 एप्रिल 1966 च्या दुपारी आहे. त्या दिवशी इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी किंग्स्टनला आला. लाखभर माणूस विमानतळावर लोटला होता. रास्ताफारी पंथाच्या लोकांनी बंदोबस्त मोडला आणि ढोल बडवत ते थेट विमानाला भिडले. ही गर्दी पाहून सम्राट बराच वेळ बाहेर येईना. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो नावाचा त्यांच्यातलाच एक जाणता माणूस पायऱ्या चढून वर गेला, लोकांना वाट द्यायला लावली, तेव्हा कुठे स्वारी खाली उतरली. रास्ताफारींच्या लेखी, आणि मार्लीही त्यांच्यातलाच, तो नुसता राजा नव्हता, अवतार होता.

गंमत म्हणजे जमैकातल्या काळ्या लोकांचे पूर्वज इथिओपियाचे नव्हतेच. त्यांना आणले होते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, आजच्या घाना-नायजेरियाच्या बाजूने, उसाच्या मळ्यांत राबवायला. नावे गेली, बोली गेल्या; पुढे आडनावे लागली ती पुष्कळदा मळेवाल्यांची. 1838 मध्ये पुरती सुटका झाली तेव्हा वंशावळ सांगायला कोणाकडे काही उरले नव्हते. मग मार्कस गार्वी या त्यांच्यातल्याच पुढाऱ्याने त्यांना आफ्रिकेकडे मान वर करून बघायला शिकवले, आणि त्यातल्या काहींनी पूर्वज निवडून घेतला. रक्ताचे नाते नाही तर नाही! मला या निवडीत भाबडेपणा दिसतो, पण त्याहून जास्त हिंमत दिसते.

आणि इथे मला आमचे रोषणगाव आठवते. बदनापूर तालुक्यातले हे गाव. 1616 मध्ये इथे मलिक अंबर आणि मुघलांची मोठी लढाई झाली. अंबर खराखुरा इथिओपियाचा. चापू हे त्याचे लहानपणीचे नाव. गुलाम म्हणून तो मोखा, बगदाद असा विकला गेला, अंबर हे नाव एका धन्याने दिले, आणि अखेर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशीच होता. धनी मेल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढे त्याच निजामशाहीचा कारभारी बनला. रोषणगावला तो हरला. त्याचे काही मराठा सरदार आधीच शत्रूला मिळाले होते. जिंकलेल्या मुघलांनी पुढे जाऊन त्याचे खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, उद्ध्वस्त केले. तरी हा गडी संपला नाही. 1624 ला भातवडीत त्याने मुघल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. जहांगीर एवढा चिडून होता की अंबरच्या मुंडक्याला आपण बाण मारतो आहोत असे चित्रच त्याच्या दरबारी चित्रकाराने रंगवले. मुंडके मिळाले फक्त चित्रात. अंबर म्हातारा होऊन आपल्या मरणाने गेला.

अठराव्या शतकात जमैकाच्या निळ्या डोंगरांत मळ्यांतून पळालेले गुलाम, म्हणजे मरून लोक, इंग्रजांशी असेच लढले. झाडीत दबा धरायचा, शिंगाच्या आवाजावर खुणा द्यायच्या, रसद तोडायची, समोरासमोर यायचे नाही. 1739 मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. त्यांची नायिका नॅनी आज जमैकाच्या पाचशेच्या नोटेवर आहे. अंबर आणि त्याचे मराठा बारगीर दख्खनच्या डोंगरांत हेच तंत्र शंभर वर्षे आधी वापरत होते. गनिमी काव्याचा अभिमान आपण वाहतो, पण त्या वंशावळीत हबशी कारभाऱ्याचे नाव घेताना आवाज जरा खाली येतो. शिवरायांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाला शिवभारतात अंबरचा पराक्रम सांगताना संकोच वाटला नव्हता. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवणारा मलिकंबरी धारा आमच्या कुणब्यांच्या ओठांवर पिढ्यान्पिढ्या होता. त्याची खडकीतली नहर तर शतकानुशतके शहराला पाणी पाजत राहिली.

अंबरला देव्हाऱ्यात बसवा असे मी म्हणत नाही. गुलामीतून वर आलेल्या या माणसाच्या फौजेत विकत घेतलेले हबशी होतेच. सेलासीलाही 1974 मध्ये त्याच्याच सैन्याने गादीवरून खाली ओढले, कारण मुलूख दुष्काळाने मरत असताना दरबाराने डोळे मिटून घेतले होते. निवडलेला पूर्वज निर्मळ असतोच असे नाही. घरातले तरी कुठे असतात?

देणे-घेणे उलट दिशेनेही झाले. 10 मे 1845 रोजी पहिले भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, जमैकाला उतरले. 1917 पर्यंत त्यांची संख्या छत्तीस हजारांच्या आसपास गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांनी तिथे मोहरमचे ताजिये नेले. ‘होसे’ नावाने ते निघू लागले तेव्हा हिंदू गिरमिटिये त्यात होतेच, शेजारचे काळे लोकही ढोल घेऊन सामील झाले. मराठवाड्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडे कितीतरी गावांत मोहरमच्या सवाऱ्या हिंदू घरांच्या खांद्यावर निघत आल्या आहेत.

जमैकाने 10 मे हा दिवस भारतीय वारशाचा म्हणून 1995 पासून मानला आहे. अंबरचा मृत्यूही मे महिन्यातलाच, 1626 च्या. त्याची कबर खुलताबादला आहे, जालन्याहून दोन-अडीच तासांवर. आमची माणसे खुलताबादला जातात, भद्रा मारुतीचे दर्शन घेतात, औरंगजेबाच्या कबरीवरून वाद घालतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परततात. अंबरचा घुमट कुठे आहे, हे मात्र वाटेत कोणी विचारताना मी ऐकलेले नाही.