गॅलरीतली बैठक

नव्या घराला गॅलरी आहे, हे आम्ही इतक्या कौतुकाने सांगत सुटलो की ऐकणाऱ्याला ती एखाद्या वाड्याची सदर वाटावी. प्रत्यक्षात ती चार फूट रुंद आणि नऊ फूट लांब. पण चाळीच्या दोन खोल्यांत चाळिशी गाठलेल्या मास्तराला तेवढी मोकळी हवादेखील जहागिरीसारखी वाटते!

आता तिथे बसायचे कशावर, हा प्रश्न. सौभाग्यवतींनी वेताच्या दोन खुर्च्या आणि टीपॉय मनाशी ठरवून टाकले होते. मी खडूने फरशीवर आराखडा काढला. खुर्चीला दोन फूट, गुडघ्यांना दीड फूट. आडव्या समोरासमोर मांडल्या, तर गुडघे शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यावे लागणार. लांबीच्या दोन टोकांना मांडल्या, तर टीपॉय नेमके दाराच्या वाटेत. शिवाय आमच्याकडे पाऊस तिरपा येतो, आणि वेत भिजत राहिला की काळा पडतो.

माझ्या मनात मात्र निराळेच होते. कोकणातल्या घराच्या पडवीत वडिलांची लांब हातांची सागवानी आरामखुर्ची होती. वडील गेले, आई आमच्याकडे आली आणि खुर्ची मागे राहिली. आईचे इथे मन रमत नव्हते. दुपारभर ती गॅलरीच्या उंबरठ्याशी, पण आतल्या बाजूला, पाट घेऊन बसे. खुर्ची आणली तर तिला गावचे घर भेटल्यासारखे वाटेल, असा माझा कयास. मी टेम्पोतून ती आणवली. खुर्चीने गॅलरीत हात पसरले आणि गॅलरी संपली.

"आई, बैस ना."

आईने पदराने खुर्चीवरची धूळ पुसली, पण ती बसली नाही.

"अरे, ही ह्यांची खुर्ची. मी कधी बसले होते हिच्यात? ते पडवीत बसायचे. मी आपली माजघराच्या दारातून दिसेल तेवढा रस्ता बघायची."

मी गप्प झालो. कादंबऱ्यांतून मी कितीतरी बायकांची मने उलगडून दाखवली. पण आपली आई उंबरठ्याच्या आतच का बसते, हे विचारायला मला कधी सुचले नव्हते.

ते सौ.ने विचारले. "आई, तुम्हांला कशावर बसायला बरं वाटेल?"

"बुटकं बाक असलं म्हणजे पाय टेकतील, पाठ भिंतीला लागेल. आणि शेजारी कुणाला बसावंसं वाटलं तर बसेल."

मेस्त्रींनी भिंतीलगत सागवानी बाक बसवले. सहा फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढेच उंच. पाणी साचू नये म्हणून फळ्यांमध्ये बोटभर फट, पायांना रबराच्या टोप्या आणि वर अळशीच्या तेलाचा हात. दार सुखाने उघडते. पुढे पावणेतीन फूट वाट उरते, त्यात चहापुरते घडीचे स्टूल मांडता येते. तुळस कोपऱ्यात. वेताच्या खुर्च्यांचा विषय सौ.ने आपण होऊन मिटवला. वडिलांची खुर्ची बाहेरच्या खोलीत आहे. तिच्या रुंद हातांवर मी वह्या तपासतो.

आता दुपारी आई बाकावर भिजवलेले वाल सोलत बसते. शेजारच्या दोघीतिघी येऊन टेकतात. परवा मी स्टुलावर चढून आकाशकंदील टांगत होतो. रंग कसा वाटतो, म्हणून मी मोठ्या अपेक्षेने मागे वळून पाहिले.

"चांगला आहे," आई म्हणाली, "पण जरा डावीकडे घे. मला रस्ता दिसत नाही."