अर्ध्या तासाची घाई

सकाळी उठले की सलग वीस-पंचवीस शिंका, डोळ्यांना खाज आणि नाक बंद. नाशिकहून बेंगळुरूला आल्यापासून माझा दिवस असाच सुरू व्हायचा. तपासणीत कळलं, घरातल्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डस्ट माइट्सची अ‍ॅलर्जी. गादी-उशांना खास खोळी घातल्या, गोळ्या घेतल्या, तरी त्रास संपेना. शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शनं सुचवली.

ज्या गोष्टीची अ‍ॅलर्जी, तिचाच अगदी थोडा अंश टोचायचा आणि मात्रा वाढवत शरीराला सवय लावायची, असा हा उपचार. नेहमीच्या पद्धतीत आठवड्याला एक-दोन इंजेक्शनं असतात आणि पूर्ण मात्रेपर्यंत पोहोचायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. क्लस्टर पद्धतीत एकाच भेटीत थोड्या थोड्या वेळाने दोन-तीन इंजेक्शनं देतात, त्यामुळे हाच टप्पा 4 ते 8 आठवड्यांत उरकतो. भाचीचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं. मी म्हटलं, "मला लवकरचंच द्या."

"लवकर संपतो तो फक्त पहिला टप्पा," डॉक्टर म्हणाल्या. "पुढे 3 ते 5 वर्षं दर महिन्याला यावंच लागेल. शिवाय मात्रा वेगाने वाढवली की रिअ‍ॅक्शनचा धोकाही वाढतो."

मग त्यांनी विचारलं, दमा आहे का? रोजची कोणती औषधं? मी झटकन "काही नाही" म्हणाले.

"अगं, ती मायग्रेनची गोळी?" हे मध्येच बोलले. मला रागच आला.

ती गोळी बीटा ब्लॉकर निघाली. रिअ‍ॅक्शन आली तर जे अ‍ॅड्रेनालिन द्यावं लागतं, त्याचा परिणाम ती कमी करू शकते. मायग्रेनच्या डॉक्टरांना विचारून गोळी बदलण्यात तीन आठवडे गेले. मी कुरकुरत राहिले.

तिसऱ्या भेटीतलं शेवटचं इंजेक्शन झालं. त्यानंतर अर्धा तास थांबायचा नियम. पंधराव्या मिनिटाला मी कॅब बोलावली. नर्सने हाताला धरून मला परत बसवलं. पाचच मिनिटांत तळहात खाजायला लागले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. त्यांनी लगेच मांडीत अ‍ॅड्रेनालिन दिलं. श्वास मोकळा झाला, पण पुढचे काही तास देखरेखीखालीच काढले. पडल्या पडल्या एकच विचार, मी कॅबमध्ये असते तर? आणि ती गोळी चालू असती तर?

पुढचे डोस डॉक्टरांनी कमी मात्रेपासून, सावकाश दिले. भाचीच्या लग्नात मी शिंकतच अक्षता टाकल्या. आज दीड वर्ष झालं, शिंका दोन-चारवर आल्यात.

तुम्हीही हा झटपट मार्ग निवडणार असाल, तर रोजची प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगा. दमा उसळला असेल, ताप असेल, तर त्या दिवशी इंजेक्शन घेण्याआधी बोला. गरोदरपणात हा उपचार नव्याने सुरू करत नाहीत, हेही लक्षात ठेवा. जिथे अ‍ॅड्रेनालिन आणि डॉक्टर हाताशी आहेत, तिथेच इंजेक्शन घ्या. आणि तो अर्धा तास? मी आता विणकाम घेऊन जाते. एक स्वेटर तिथेच पूर्ण झालाय.