खडा

रात्रीचे अकरा. बाराच्या पुढे पोटात काही नाही, म्हणून आईने आठालाच डब्यातून मऊ भात आणला. सिस्टर डाव्या पायावर निळा बाण काढून गेल्या.

पहिल्यांदा हा खडा लागला तो दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीत. वाटेत बसून बूट झटकला. आत काहीच नव्हतं. खडा पायातच होता, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे.

मॉर्टन्स न्यूरोमा. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन या सर्जनने 1876 साली या दुखण्याचं वर्णन केलं. नाव गाठीचं, पण ही खरी गाठ नव्हे. दाबून, घासून नसेभोवतीचं आवरण जाड होतं, आणि पाऊल टाकलं की बोटांपर्यंत करंट जातो. निमुळते बूट सोडले, पॅड घातले, स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं घेतली. दर वेळी थोडे दिवस बरे, मग पुन्हा तोच ठणका.

उद्या नसेचा तेवढा तुकडा काढतील. त्या दोन बोटांची एकमेकांकडची बाजू बहुधा कायमची बधिर राहील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. सही करताना पेन तिथेच अडलं. लहानपणी रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसलं की गोदेचं पाणी बोटांच्या बेचक्यांत गार शिरायचं. आता एका बेचकीत ते कळणार नाही.

आईला हे सांगितलं. ती डबा पिशवीत घालत म्हणाली, "बाकीच्या सात आहेत ना!"

मी मोजल्या. खरंच, सात.